दाद न देणारं गवत

पत्रक चार पानांचं होतं आणि मुदत दहा दिवसांची. विषय द्राक्षबागेतली तणं, इंग्रजीतून मराठीत. कवितांच्या अनुवादावर मयूर विहारमधल्या घराचं भाडं निघत नाही, म्हणून असली कामं मी वर्षातून तीन-चारदा घेते. बँकेचे अर्ज, लसीकरणाच्या सूचना, एकदा तर प्रेशर कुकरचं माहितीपुस्तक. हे काम मात्र जरा उत्साहानेच घेतलं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. घरची द्राक्षबाग आहे, ती आता धाकटा भाऊ बघतो. द्राक्ष बागायतदारांसाठी मराठीत लिहायचं म्हणजे आपल्याच ओसरीवर बसून बोलायचं, असं मला वाटलं. ते वाटणं पुढे महागात पडलं. मला कमी, भावाला जास्त.

पत्रकाचा मुद्दा सोपा होता. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारत राहिलं की काही तणं त्याने मरेनाशी होतात. द्राक्षबागेत हे घडायला चांगली जागा मिळते. बाग पंधरा-पंधरा वर्षं एका जागी उभी असते, पीक बदलत नाही. दोन ओळींमधल्या मोकळ्या पट्ट्यात छोटा ट्रॅक्टर घालून रोटर मारता येतो. पण वेलीच्या बुंध्याशी, बोदावर, जिथे ठिबकची नळी पसरलेली असते तिथे यंत्र जात नाही. ओलावा तिथेच, खत तिथेच, म्हणून गवतही तिथेच. तिथे एक तर खुरपं चालतं, नाही तर पंप.

आमच्याकडे पंप आला तो मी दिल्लीला आल्यानंतर. त्याआधी निंदणी होती. निंदणी हा आमच्या बाजूचा शब्द. सांगली-कोल्हापूरकडे भांगलण म्हणतात, कोकणात बेणणी, पुण्याकडे खुरपणी. एका कामाला इतके शब्द आहेत याचं अनुवादक म्हणून मला फार कौतुक. आईला नाही. पावसाळाभर बायकांच्या रांगेत उकिडवं बसून पुढे सरकत राहायचं, पदर डोक्यावर, पाठीवर प्लॅस्टिकचं इरलं. तिच्या गुडघ्यांचं आज जे झालंय त्यात त्या रांगेचा वाटा मोठा. तणनाशक आलं तेव्हा ती म्हणाली होती, हे औषध कुणी काढलं त्याचं भलं होवो. दिल्लीत बसून खुरप्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी एक ओळ निंदून यावी, असं मला आजही वाटतं. मी स्वतः कॉलेजच्या सुट्टीत निंदलेली आहे, आणि दुसऱ्या दिवशी ताप आल्याचं सोंग केलेलं आहे.

तर पहिला अडसर आला तो शीर्षकातच. 'रेझिस्टन्स'. हा शब्द मी आयुष्यभर दुसऱ्या अर्थाने वापरत आले. तौलनिक साहित्याच्या वर्गात आम्ही त्यावर निबंध लिहिले. हिंदीतले मित्र 'प्रतिरोध का साहित्य' म्हणतात, मराठीत आपण 'विद्रोही' म्हणतो, आणि या दोन शब्दांत काय फरक पडतो यावर एक अख्खी संध्याकाळ घालवता येते. पण दोन्हीत कुणीतरी ठरवून उभं राहिलेलं असतं. गवत काही ठरवत नाही. लाखो रोपांत एखादं आधीपासूनच, निव्वळ योगायोगाने, थोडं निराळं असतं. फवारणीत बाकीची मरतात, हे उरतं, फुलतं, बी टाकतं. पुढल्या वर्षी त्याची पिल्लावळ. फवारणी असं रोप घडवत नाही, निवडते. शेतकरी बियाण्यासाठी चांगली कणसं बाजूला काढतो, नेमकं तेच काम पंपही करत असतो. आपण तण मारतोय असं आपल्याला वाटतं, आणि चालू असते ती तणाची बियाणेनिवड.

कृषी खात्याच्या मराठीत यासाठी 'प्रतिकारक्षमता' हा शब्द रुळलेला आहे. तो मी लिहिला, आणि खोडला. कारण आमच्या भागात 'प्रतिकारक' हे चांगलं विशेषण आहे. रोपवाटिकेच्या पाटीवर असतं, बियाण्याच्या पाकिटावर असतं. रोगाला प्रतिकारक वाण म्हणजे दोन पैसे जास्त देऊन घ्यावं असं वाण. 'प्रतिकारक तण' वाचून माणूस क्षणभर तरी त्या तणाचं अभिनंदन करील.

आईला फोन केला. विचारलं, औषध मारूनही गवत मरत नसलं तर तुम्ही काय म्हणता?

"दाद देत नाही म्हणतो," ती म्हणाली. "आणखी काय म्हणायचं असतं?"

दाद. मूळ फारसी, अर्थ न्याय. न्याय मागायचा तर आपण दाद मागतो, गाणं आवडलं तर दाद देतो, आणि दुखणं हटेना की ते औषधाला दाद देत नाही. हिंदी-उर्दूत पहिले दोन अर्थ जिवंत आहेत. तिसरा, दुखण्याचा आणि गवताचा, मराठीने आपल्या अंगणात वाढवला. गवताकडे इच्छा नाही, शौर्य नाही, फक्त नकार आहे, तोही न सांगता दिलेला. मला हवं होतं ते हेच. 'औषधाला दाद न देणारी तणं' असं शीर्षक मी लिहिलं आणि त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन खाली पार्कात दोन फेऱ्या जास्त मारल्या.

दुसरा शब्द होता 'टॉलरन्स'. पत्रकात तो वेगळ्या अर्थाने आला होता आणि तो फरक पाळणं महत्त्वाचं होतं. काही तणांवर एखाद्या औषधाचा परिणाम पहिल्या दिवसापासूनच कमी होतो, ती त्यांची जातच तशी. उदाहरण म्हणून केना दिला होता. निळ्या फुलाचा, पावसाळ्यात बांधावर पसरणारा, ज्याच्या पानांची भजी होतात तो केना. ग्लायफोसेटला तो कधीच नीट बधला नाही. शेजारची गवतं मेली की त्यांच्या जागेवर केना पसरतो, आणि शेतकऱ्याला वाटतं की केना माजलाय. तो माजलेला नसतो, त्याला फक्त जागा मिळालेली असते. लिनियसने या वनस्पतीला नेदरलँड्समधल्या कॉमेलिन घराण्याचं नाव दिलं. तिच्या फुलाला दोन ठळक पाकळ्या आणि तिसरी फिकी. कॉमेलिनांपैकी दोघं नावाजले आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच गेला, म्हणून हे नाव, असं त्याने लिहून ठेवलंय. तणनाशकाला दाद न देणाऱ्या तणांच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी एक याच कुळातली आहे. १९५७ साल, हवाईतले उसाचे मळे, औषध टू-फोर-डी, आणि तण आपल्या केन्याची चुलत बहीण.

टॉलरन्सला मी 'सोशिकपणा' लिहिलं. केना सोशिक आहे. मराठीत सोशिक कुणाला म्हणतात हे वाचणाऱ्याला माहीत असतं. न बोलता सगळं सोसून मागे उरते ती.

इथे एक गंमत लक्षात आली, आणि गंमत म्हणून ती सोडून द्यावी अशी नाही. जनुकीय बदल करून जे पीक तणनाशकाने मरत नाही असं केलं जातं, त्याला इंग्रजीत 'टॉलरंट' म्हणतात. तेच औषध पिऊन तण जगलं तर ते 'रेझिस्टंट'. गुण एकच, मालकीचा जगला तर सहनशील, बिनमालकीचा जगला तर विरोधक. आपल्याकडे असा कापूस सरकारमान्य नाही, तरी विदर्भात तो 'चोरबीटी' म्हणून पेरला जातो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे पेरून सरकारला आव्हान दिलं होतं. त्यांची बाजू मला पूर्ण पटत नाही. पण निंदणीची मजुरी देता देता जो मेटाकुटीला आलाय त्याच्यापुढे मला नीट बोलताही येत नाही.

ज्या औषधाभोवती हे सगळं फिरतं त्या ग्लायफोसेटचा तणनाशक गुण १९७० साली अमेरिकेत मॉन्सॅन्टो कंपनीतल्या जॉन फ्रान्झ यांना सापडला, आणि १९७४ पासून ते 'राउंडअप' नावाने विकलं जाऊ लागलं. वनस्पती स्वतःची काही अमिनो आम्लं ज्या वाटेने बनवतात ती वाट ते अडवतं. माणसाच्या शरीरात ही वाट नाही. तिला शिकिमेट असं नाव आहे, ते शिकिमी या जपानी झाडावरून. १८८५ साली आइकमन या डच रसायनशास्त्रज्ञाने ते आम्ल त्या झाडातून वेगळं केलं. वाट अडली की रोप आतून उपाशी पडतं आणि आठ-पंधरा दिवसांत पिवळं पडून मरतं. या औषधाला तणं सहसा दाद न देणारी होणार नाहीत, अशी मांडणी कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी १९९७ साली छापली. त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियात रायग्रास नावाचं गवत मरत नसल्याचं दिसलं होतं. १९९८ मध्ये स्टीफन पाउल्स आणि सहकाऱ्यांनी जो निबंध प्रसिद्ध केला त्यातलं रायग्रास फळबागेतलं होतं. मग २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या द्राक्षमळ्यांत तेच गवत, २००३ मध्ये तिथेच कोनायझा, म्हणजे म्हातारीसारखं बी वाऱ्यावर सोडणारं एक तण. वाऱ्यावरच्या बियांना बांध नसतो, त्यामुळे एकाच्या बागेतली निवड दुसऱ्याच्या बागेत उगवते.

एवढं लांब जायची मला खरं तर गरज नव्हती. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात, करनाल जिल्ह्यातले. सत्तरी ओलांडलेली, हिवाळ्यात सकाळी अकरा वाजता उन्हाच्या तुकड्याबरोबर खुर्ची सरकवत बसलेले असतात. काय अनुवाद करतेस म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि ते एकदम सरसावून बसले. "मंडूसी!" म्हणाले. मी त्यांना दोन वर्षं ओळखत होते, पण या माणसाने इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मंडूसी, कनकी किंवा गुल्ली-डंडा ही गव्हातल्या एकाच गवताची नावं. लहानपणी ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं, बुंध्याशी लालसर झाक असते तेवढीच खूण. हाताने काढणं अवघड, म्हणून हरियाणा-पंजाबात आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक आलं तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. भातामागून गहू, गव्हामागून भात आणि दर हिवाळ्यात तेच औषध, असं दहा-पंधरा वर्षं चाललं. नव्वदीच्या सुरुवातीला मंडूसी मरेनाशी झाली. हिसारच्या कृषी विद्यापीठातले आर. के. मलिक आणि एस. सिंग यांनी ते तपासून १९९५ साली मांडलं. अंकलजींच्या घरच्यांना त्याआधीच कळलं होतं. औषध भेसळीचं म्हणून दुकानदाराशी भांडून झालं, मात्रा वाढवून झाली, दोनदा मारून झालं. शेवटी उभा गहू गवतासकट हिरवा कापून म्हशींना घातला. "घास दवाई पीके और हरी हो जाती थी," ते म्हणाले.

शास्त्रज्ञांनी पुढे जे शोधलं ते याच्या फार जवळचं आहे. आयसोप्रोट्युरॉनने गहू मरत नाही, कारण गव्हाच्या पेशी ते मोडून निकामी करतात. मंडूसीनेही तेच केलं. दिसायला ती गव्हासारखी होतीच, आता पचनही गव्हासारखं झालं. पत्रकात जिथे 'चयापचयावर आधारित' असं काहीतरी येणार होतं तिथे मी 'काही तणं औषध पचवायला लागतात' असं लिहिलं. हे श्रेय अंकलजींचं. १९९७-९८ च्या सुमारास हरियाणात नवी औषधं आली, न नांगरता गहू पेरायची पद्धत आली, ज्यांनी मध्ये ऊस किंवा बरसीम घेतलं होतं त्यांच्याकडे त्रास कमीच राहिला होता. पण नव्या औषधांनाही मंडूसीने पुढल्या काही वर्षांत तसाच हिसका दाखवला. अंकलजींच्या भावांनी तोवर जमीन खंडाने दिली होती. त्यांच्या सांगण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो त्या भांडलेल्या दुकानदारावर. तो जातीने सच्चा माणूस होता, त्याची माफी मागायची राहून गेली, असं ते दोनदा म्हणाले.

पत्रक मार्चमध्ये दिलं. मेमध्ये छापून आलं. मी त्याचं छायाचित्र भावाला पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. वहिनीने लिहिलं, "ताई, पहिल्यांदा तुमचं काहीतरी समजलं."

सप्टेंबरात भावाचा फोन आला. नवीन प्लॉटात खुंट लावलेले होते, कलमं भरायची वेळ होती, आणि ओळीच्या ओळी खुंट फुटत नव्हते. पानं बारीक, सुरकुतलेली, पट्टीसारखी. पावसाळ्यात बोदावर गवत फार झालं होतं, विशेषतः केना, म्हणून त्याने तीन वेळा फवारलं होतं.

"तीनदा? अरे, पत्रकात काय लिहिलंय?"

"तेच केलं ना ताई. आलटून-पालटून मारलं. तिन्ही वेळा वेगळं औषध."

मी त्याला बाटल्यांचे फोटो पाठवायला सांगितले. पहिली निळी, दुसरी पांढरी, तिसरं तर पाकिटच, आत दाणे. तीन कंपन्या, तीन नावं, एकावर वाघ. बारीक अक्षरं मोठी करून वाचली. ग्लायफोसेट ४१ टक्के. ग्लायफोसेट ४१ टक्के. ग्लायफोसेट ७१ टक्के, दाणेदार.

माझं वाक्य असं होतं: 'भिन्न क्रियापद्धती असलेली तणनाशके आलटून-पालटून वापरावीत.' व्याकरण शुद्ध, मुळाला धरून, एकही शब्द सुटलेला नाही. 'आलटून-पालटून' मला आवडलाही होता, बोलीतला आहे म्हणून. वाचणाऱ्याच्या डोळ्याने तोच एक शब्द उचलला, कारण त्या ओळीत त्याच्या ओळखीचा तोच होता. 'क्रियापद्धती' म्हणजे त्याने फवारायची पद्धत समजून घेतलं आणि प्रामाणिकपणे नोझलही बदललं. औषधाचं नाव म्हणजे बाटलीवरचं मोठं नाव. दुकानात त्याच नावाने मागतात, उधारीच्या वहीत तेच लिहितात. आत काय आहे हा प्रश्न पडायला आधी कुणीतरी सांगावं लागतं की एकच वस्तू तीन नावांनी विकली जाते. ते सांगायचं काम त्या चार पानांचं होतं. मूळ इंग्रजीत ते गृहीत धरलेलं होतं आणि मीही धरलं. अनुवादात जे मुळात नाही ते घालू नये असं आम्ही शिकलो. शिकवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कविता होती.

त्यात ग्लायफोसेट द्राक्षासाठी नाहीच. आपल्याकडे त्याची शिफारस चहाच्या मळ्यांपुरती आणि बिगरपिकाच्या जागेपुरती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने हुकूम काढला की ते परवानाधारक कीडनियंत्रकाखेरीज कुणी वापरू नये. तो हुकूम ज्या कृषी भवनातून निघाला ते माझ्या घरापासून मेट्रोने पाऊण तासावर आहे. आमच्या गावच्या दुकानापर्यंत तो पोचलेला नव्हता. द्राक्षाला ज्याची परवानगी आहे ते पॅराक्वाट. ते दोन दिवसांत गवत जाळतं, मुळं जिवंत सोडतं, आणि माणसाच्या पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. आमच्याकडे 'औषध घेतलं' या दोन शब्दांचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तरी आम्ही सगळे त्याला औषधच म्हणतो, आईसुद्धा, मीसुद्धा, या लेखातसुद्धा.

नवीन प्लॉटातले चाळीसेक खुंट गेले. हिरव्या कोवळ्या बुंध्यातून औषध आत जातं, आणि तीनदा फवारल्यावर कुठेतरी तुषार उडणारच. भाऊ मला काही बोलला नाही. "तुझी काय चूक, लिहिलं होतंस तू, मला कळलं नाही," एवढंच. अनुवादकाला यापेक्षा वाईट अभिप्राय मला माहीत नाही.

त्या हिवाळ्यात मी बऱ्याचदा चिल्ला खादरात उतरले. मयूर विहारच्या पश्चिमेला यमुनेच्या पात्रालगत भाजीचे वाफे आहेत, वरून मेट्रो जाते. शेती कसणारे बरेचसे बदायूंकडचे, जमिनीचा हक्क कधीच पक्का नसलेले. जुलै २०२३ च्या पुरात त्यांनी आमच्याच रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली दिवस काढले होते. फुलकोबीत निराई करणाऱ्या एका बाईला मी विचारलं, दवा कोणती मारता? तिने झोपडीतून बाटली आणून दाखवली. नाव तिला सांगता येईना, वाचता येत नव्हतं. "लाल ढक्कन वाली," म्हणाली. दुकानदार लाल झाकणाची नसली की हिरव्या झाकणाची देतो, दोन्ही सारखीच. 'सारखीच' हे तिला कसं कळलं विचारलं, तर म्हणे वास एकच येतो. माझ्या भावाकडे पदवी आहे. त्याने वास घेऊन बघितला नव्हता.

ती निवडून काढत होती त्यात बथुआ होता, आपला चंदनबटवा. तो तिने वेगळा ठेवला आणि जुड्या बांधल्या. मी दोन घेतल्या, वीस रुपयांना.

संस्थेला मी पत्र लिहिलं की दुसरी आवृत्ती काढा, पैसे नकोत. पहिली माझ्या दृष्टीने चुकलेली आहे, हेही लिहिलं. त्यांनी आधी विचारलं की नेमकी चूक कोणत्या ओळीत आहे, कारण त्यांच्या तपासनिसाला एकही सापडली नव्हती. मग घरचा किस्सा सांगावा लागला. दुसऱ्या आवृत्तीत ती ओळ अशी आहे: 'बाटली बदलली म्हणजे औषध बदललं असं नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत घटकाचं नाव असतं, ते वाचा. दोन बाटल्यांवर एकच घटक असेल तर ते एकच औषध आहे, मग एक पातळ असो, एक दाणेदार असो.' त्याखाली चार रिकाम्या चौकटी आहेत. या वर्षी काय मारलं ते घटकाच्या नावाने तिथे लिहायचं. बाटलीवरचा रंगीत त्रिकोण माणसाला किती विषारी ते सांगतो, तण कशाने मरतं ते नाही, हेही घातलं. यातलं बरंचसं मुळात नाही. केन्याच्या सोशिकपणावरची ओळ त्यांनी 'ललित' म्हणून काढली. 'औषध'च्या जागी सगळीकडे 'विष' लिहावं असं मी सुचवलं होतं, तेही नाकारलं. शेवटी 'तणनाशक' राहिलं. 'दाद' वाचला.

यंदाच्या जूनमध्ये भावाने फोटो पाठवला. दोन बाटल्या शेजारी शेजारी, दोन्हींवर बारीक अक्षरांभोवती पेनने गोल. खाली लिहिलं होतं, "एक परत केली. दुकानदार म्हणतो तुमची बहीण फार शिकलेली दिसते." दाद न देणारं तण त्याच्या बागेत खरंच आहे की नुसता केना पसरलाय, याचा फैसला अजून व्हायचा आहे. मरून उरलेल्या गवताचं बी पुड्यात बांधून मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात दाखवायला न्यायचं त्याने ठरवलंय, ठरवून दोन महिने झाले.

नवीन प्लॉटात यंदा पंप घातला नाही. पेठकडच्या चार बाया तीन दिवस लावल्या. मजुरीचा आकडा सांगताना भावाचा आवाज जरा चढला, मी काही बोलले नाही. वहिनी म्हणाली की त्यातल्या एकीने जाताना केन्याची पानं पिशवीत भरून नेली, भज्यांना. बाकीचा ढीग बांधाबाहेर टाकला होता. तो आईने पुन्हा उचलायला लावला. केन्याच्या कांड्याला ओल मिळाली की तिथेच मूळ फुटतं, तो दगडावर पसरून कडक वाळवावा लागतो. फोनवर मला तिचा आवाज मागून ऐकू येत होता, कुणाला तरी सांगत होती की पत्र्यावर टाका, दगड ओले आहेत. पाऊस तीन दिवस उघडलेला नव्हता.